जेठांनी आणलेली कोंबडी

जेठांनी कोंबडी छातीशी धरली होती, तान्हं मूल धरतात तशी, एक हात बुडाखाली आणि एक पाठीवर. ती माझ्यापुढे करून ते म्हणाले, "इले काप." लग्न होऊन त्या घरात आल्यापासून जेठ माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द. मी पदर नाकापर्यंत ओढलेला, हात राखेने भरलेले, समोर तो माणूस आणि ती कोंबडी. तापीच्या या अंगाला मांसमच्छीचा त्यांच्याएवढा वैरी दुसरा झाला नसेल. वाटेत अंड्याचं टरफल पडलेलं दिसलं तरी गाडी बाजूने वळवून नेणारा माणूस. त्यांनी स्वतःच्या हातांनी कोंबडी आणली म्हणजे आत खाटेवर पडलेली त्यांची बायको, आमच्या जेठानीबाई, आता वाचत नाहीत, हे मला तेव्हाच समजलं. वेगळं कोणी सांगायची गरज उरली नाही.

जेठ म्हणजे आमच्या मालकांचे थोरले भाऊ. आमच्या घरात रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोने जेठांना तोंड दाखवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. अगदीच अडलं तर मधे कोणीतरी लागतं. मालक घरात असले तर निरोप मालकांमार्फत जायचा. मालक शेतात असले तर म्हशीमार्फत. आमच्या म्हशीचं नाव भुरी. जेठ ओट्यावर बसून तिच्याकडे बघत म्हणायचे, "भुरी, आंघोळीले पानी तपनं का?" मी आतून म्हणायची, "भुरी, पानी तपेल शे. ज्याले पायजे त्यानी ल्यावं." भुरी रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची. आमच्या घरच्या भानगडी तिच्याइतक्या गावात कोणालाच ठाऊक नव्हत्या. पहिली भुरी मेली तेव्हा दुसरी आणली, तिचंही नाव भुरीच ठेवलं, कारण नवीन नावाची जिभेला सवय होईपर्यंत घरातलं बोलणंच अडलं असतं.

रीत होती म्हणून माझ्याशी बोलत नव्हते इतकंच, बाकी गावात जेठ ज्याच्याशी बोलले नाहीत असा माणूस नसेल. आणि बोलणं एकच. रामराम झाला की पुढचा शब्द, "काय खाधं?" आलेला पाहुणा असो, वाटसरू असो, शेतसारा बघायला आलेला सर्कल असो. सर्कल जरा गरम डोक्याचा होता. तो म्हणाला, "तुम्हांला काय करायचंय मी काय खाल्लं ते?" जेठांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि सांगितलं, "वांग्याचं भरीत. रातचं. शिळं." सर्कलने तोंडावर हात धरला, कारण ते खरं होतं. मग त्याला ओट्यावर बसवून जेठांनी कोमट ताक पाजलं आणि पित्ताने रक्त कसं आंबतं ते समजावून सांगितलं. सर्कल शेत न बघताच परत गेला.

माणसाला काही झालं की त्याने आदल्या दिवशी काय खाल्लं यातच कारण आहे, असं जेठांचं ठाम मत. एकजण निंबाच्या झाडावरून पडला आणि पाय मोडून घेतला. जेठ तिथे पोचले, पाय बघितलाच नाही, विचारलं, "काल काय खाधं व्हतं?" तो कण्हत म्हणाला, "बोकडनं." जेठ सगळ्यांकडे वळून म्हणाले, "देखा." पुढच्या वर्षी त्याच झाडावरून आमच्याच भाऊबंदांतला एक पडला. त्याने भेंडी खाल्लेली. जेठ थोडा वेळ विचार करत उभे राहिले आणि म्हणाले, "भेंडी जून व्हती." एकदा तर मयताच्या घरी सांत्वनाला गेले आणि मेलेल्याच्या भावाला विचारलं, "शेवटलं काय खाधं व्हतं त्यानी?" लोकांनी हाताला धरून बाहेर काढलं. घरी आल्यावर मालक रागावले तर म्हणाले, "मेलेला सांगू शकत नही, मंग भाऊले नही विचारू तर कोनले विचारू?"

पण एक मी सांगते. दुसऱ्याला जे द्यायचं ते आधी आपण तोंडात घालायचं, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. कोणाला काढा दिला तर पहिला घोट त्यांचा. बैलांना नवीन पेंड आणली तर ती आधी ते चावून बघायचे. एकदा बैलाचं पोट फुगलं. जेठांनी तेल आणि ओवा कालवला, बैलाला लागेल एवढा, आणि नियमाप्रमाणे पहिला वाटा आपण घेतला. बैल तासाभरात कडबा खायला लागला. जेठ दिवसभर बांधापलीकडच्या बोरीत होते. मालक मधूनमधून पाण्याचा तांब्या नेऊन ठेवायचे. जेठानीबाई त्या दिवशी एवढ्या हसल्या की पिठाचं भांडं हातातून पडलं. त्या हसल्या की आवाज होत नसे, नुसते खांदे हलायचे. बारीक अंगाची बाई, मनगट एवढं की पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या.

आमच्या भिंतीला भिंत लागून पिंजाऱ्याचं घर. नवरा-बायको दोघंच राहायची. मुली लग्न होऊन नंदुरबारला गेल्या होत्या. त्याला सगळं गाव पिंजारी म्हणायचं, मी मनातल्या मनात चाचा म्हणायची, आणि त्याच्या बायकोला चाची. तो जेठांच्याच वयाचा, त्यांच्याबरोबर विटीदांडू खेळलेला. थंडी आली की त्याची धनुकली दिवसभर टणटण वाजायची आणि आमच्या अंगणात कापसाचे पुंजके उडत यायचे. शुक्रवारी त्याच्या घरी मटण शिजायचं. वास आला की जेठ नाकाला उपरणं लावून ओट्यावर यायचे आणि भांडणाला सुरुवात व्हायची. त्यासाठीच ते यायचे. वास नको होता तर मागच्या दाराने शेतात जाता आलं असतं.

"पिंजारी, मांस पोटात सडस. रक्त तपस. तुन्हा खोकला देख, मटनना शे."

"मन्हा खोकला मटनना नही, पाटील, तुम्हना कापूसना शे. दिनभर कोनना कापूस पिंजी ऱ्हायनू मी?"

"हत्ती काय खास? म्हैस काय खास? देख कितलं बळ शे!"

"आनि वाघ?"

"वाघ कितला दिन जगस? म्हातारा वाघ कोनी देखा शे का?"

"तुमी देखाले जा ना, पाटील. फक्त परत येवाना नाद सोडी द्या."

दुसऱ्या बाजूने पिंजाऱ्याचं म्हणणं, डाळीने वात होतो आणि वाताने गुडघे जातात. चाळिशीनंतर आमच्या जातीच्या सगळ्या गुजरांचे गुडघे तो मोजून दाखवायचा. जेठ म्हणायचे, गुडघे नांगर धरून जातात. बसून कापूस झोडणाऱ्याचे काय जाणार. अशी वर्षं चालली होती. सारंगखेड्याची जत्रा आली की दोघं चालत जायचे, मुद्दाम, कोण आधी दमतं ते बघायला. एका वर्षी पिंजाऱ्याच्या पायात काटा गेला आणि तो बाभळीखाली बसला. जेठ परत येऊन महिनाभर सांगत होते की मटण निम्म्या वाटेत बसलं. पुढच्या वर्षी जेठांनी निघताना हरभऱ्याची डाळ जास्त खाल्ली. परत येताना त्यांचं गाठोडं, काठी आणि शेवटी त्यांचा एक दंडसुद्धा पिंजाऱ्याच्या खांद्यावर होता. त्याने गावात शिरताना ओरडून सांगितलं, "डाळ खांदावर लई ऊनू, बापा, कोनी उतरी ल्या!"

आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर एक भिल सालदार होता, सातपुड्यातला. दोन गोण्या दोन बगलांत घेऊन चालायचा. जेठ म्हणायचे हा आपल्या बाजूचा, कारण वर्षभर दादर ज्वारीची भाकरी आणि मिरची खातो. पिंजारी म्हणायचा हा माझ्या बाजूचा, कारण होळीला डोंगरात जातो आणि बोकड खातो, तेच त्याला वर्षभर पुरतं. आपल्या बाजूचा राहावा म्हणून दोघं त्याला खाऊ घालायचे. जेठ तूप लावलेली भाकरी द्यायचे, पिंजारी शुक्रवारी वाटीभर रस्सा. तो दोन्हीकडे मान हलवायचा.

या सगळ्या मोजणीत बायका नव्हत्या. मी तेव्हाही बघत होते, पण बोलायचं कोणाला, भुरीला? गावात कोणाचा बैल काय खातो ते जेठांना ठाऊक, सर्कलने रात्री काय खाल्लं ते ठाऊक. आमच्या घरात पुरुष आधी जेवायचे, मग गडी, मग आम्ही दोघी. तोवर डाळ टोपाच्या बुडाला गेलेली असायची. जेठानीबाई तिच्यात पाणी घालून ती माझ्याकडे सरकवायच्या आणि स्वतः ठेचा घ्यायच्या. म्हणायच्या, "माले डाळ जड पडस." मला तेव्हा ते खरं वाटायचं. दूध जेठांना, तूप जेठांना आणि सालदाराला. भिंतीपलीकडे चाचीचंही तेच. मटण शुक्रवारचं असलं तरी तिच्या ताटात मान आणि हाडं. परसात भांडी घासताना आम्ही तिघी कधी कधी बोलायचो. चाची म्हणायची, "मन्हा घरमा मटन खातस, मी त्यानं भांडं घासस." जेठानीबाईंचे खांदे हलायचे. तर शाकाहार बरा की मांसाहार बरा, हे आम्हां बायकांना कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? आम्ही दोन्ही घरांत उरलेलं खाणाऱ्या.

मग मानमोडीचा ताप आला. त्या वर्षी पाऊसही धड झाला नव्हता. जो काही कापूस आला होता तो झाडावर फुटून लोंबत राहिला, वेचायला माणूस नव्हतं. भिलाटीतले लोक तापाला भिऊन डोंगरात निघून गेले, त्यांच्यात आमचा सालदारही गेला. एकदोन म्हाताऱ्या तेवढ्या मागे राहिल्या. गावात रोज माणूस जायचा, नंतर नंतर दिवसाला किती जातात ते विचारायचं लोकांनी सोडलं. सरपण संपलं तेव्हा बैलगाड्यांची चाकं जाळली. जेठ पहिल्या दिवसांत दारोदार जाऊन विचारायचे, "काय खाधं?" कारण शोधत होते. बोकड खाणाराही गेला, दूधभात खाणाराही गेला, गळ्यात माळ घातलेला गेला, खाटकाचं घर तर पूर्ण गेलं. जेठ संध्याकाळी ओट्यावर बसून बोटांवर मोजायचे, या बाजूचे किती, त्या बाजूचे किती. काही जमेना. एका संध्याकाळी त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले आणि मोजणं बंद केलं. त्याच आठवड्यात आमचे मालक गेले. शांत माणूस, जे वाढलं ते खायचे, चांगलं वाईट म्हणायचे नाहीत. त्यांच्याविषयी मी इथे जास्त लिहीत नाही.

मालक गेल्यावरचे माझे कोपऱ्यात बसायचे दिवस होते, पण बसणार कशी? घरात उभं राहिलेलं माणूस मी आणि जेठ. जेठानीबाई पडल्या. ताप आला तसा चार दिवसांत उतरला, पण त्या उठेनात. शहाद्याहून एक डॉक्टर घोड्यावरून गावं फिरत होता, त्याला जेठ हाताला धरून घेऊन आले. त्याने डोळ्याची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, मनगट दोन बोटांत धरलं. म्हणाला, "ताप गेलाय. पण अंगात काहीच नाही. रक्त नाही. ही आजची गोष्ट नाही, वर्षांची आहे. एरवी ह्या काय खातात?"

मी दाराआड उभी होते. जेठ खाटेच्या पायथ्याशी. डॉक्टरने परत विचारलं, "काय खातात? दूध? डाळ? पोटभर जेवतात का?" जेठांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. ज्या माणसाने अख्ख्या गावाची जीभ बघून जेवण ओळखलं, त्याला आपल्या बायकोचं ताट माहीत नव्हतं. ते भुरीकडे वळले. भुरी दारातच बांधलेली होती. मला वाटलं आता विचारतील तिला, आणि मी आतून सांगणार होते, सगळं सांगणार होते. पण विचारलं नाही. तोंड मिटलं. डॉक्टर घाईत होता, पुढे दुसरी घरं होती. घोड्यावर बसताना म्हणाला, "कोंबडीचं पाणी द्या. आजच. तुमच्यात चालत नसेल हे मला दिसतंय, पण दुसरं काही आता ह्यांच्या पोटात ठरणार नाही." जेठ त्याच पावली भिलाटीकडे गेले, डोक्याला पागोटं नाही, पायात जोडा नाही. कोंबडी पाय धरून उलटी आणतात हे त्यांना कोण सांगणार? छातीशी धरून आणली, आणि वाटेत तिला ज्वारी चारली.

म्हणून "इले काप." मधे निरोप पोचवणारे मालक उरले नव्हते आणि म्हशीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी कोंबडी घेतली. माझ्या हाताने तोवर दुधी आणि कोहळा यापलीकडे काही कापलं नव्हतं. मी भिंतीपलीकडे गेले. त्या घराचा उंबरठा मी कधी ओलांडला नव्हता, पण कोण कुठे शिरतं ते बघायला त्या दिवसांत गावात डोळे कुठे उघडे होते?

चाचा पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर पडला होता, अंगाला चटका बसावा असा ताप. चाची खाटेवर. तिचा ताप उतरत होता आणि जीव थकत होता. कोंबडी बघून चाचाने विचारलं, "पाटील खाई?"

"नही. जेठानीबाई."

"पाटीलनी आनी?"

"स्वता."

तो कापसाच्या ढिगावरून सरकत खाली आला. मग भिंतीला धरून उठला, सुरी घेतली. हात असा हलत होता की सुरी स्वतःचंच बोट कापेल. म्हणाला, "बेटी, मन्हं मनगट धर. घट्ट धर." मी धरलं. त्याने देवाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. रक्त माझ्या पायावर पडलं, मी धुतलं. पुढचं चाचीने खाटेवरून सांगितलं, पिसं कशी काढायची, काय टाकायचं, काय ठेवायचं. बोलताना तिला धाप लागायची, मग ती नुसतं बोट दाखवायची. "हळद टाक. तिखट नको. मीठ थोडं, आजारी मानूसले जास्त नको." त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच भांड्यात शिजवलं. मी निघाले तेव्हा चाचीने पदराला धरलं. म्हणाली, "बेटी, तुम्हना घरना मूगनं पानी मिळी का? मटनना वास उना तरी पोट ढवळस."

तेव्हा मी एक भांडं आमच्या घरी आणलं, आणि मुगाचं पाणी करून दुसरं भांडं त्यांच्या घरी नेलं. आयुष्यभर जे भांडण चाललं होतं, त्यात शेवटी पाटलाच्या घरी कोंबडीचं पाणी आणि पिंजाऱ्याच्या घरी मूग. एरवी हे गावभर सांगत फिरायला जेठांना महिना पुरला नसता. मी भुरीला सांगून बघितलं, "चाचीनी मूगनं पानी मांगं." जेठ आत होते. ऐकू गेलं असेल.

वाटी मी दारात ठेवली आणि आड झाले. जेठांनी ती उचलली, खाटेशी बसले. जेठानीबाईंनी वास ओळखला. डोळे मोठे केले. मला वाटलं आता तोंड फिरवतील. जेठांनी वाटीवर फुंकर घातली आणि नियमाप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला. मी बघितलं, गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. ज्याने अंड्याच्या टरफलावरून गाडी नेली नाही, त्याने तो घोट गिळला.

जेठानीबाईंनी विचारलं, "कसं शे?"

जेवणाच्या बाबतीत जेठ कधी खोटं बोलले नव्हते. म्हणाले, "मीठ कमी शे."

जेठानीबाईंचे खांदे हलले. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मग त्यांनी तोंड उघडलं. तीन-चार घोट घेतले असतील. जेठांनी वाटी खाली ठेवली आणि गावाला रोज विचारलेलं तेच विचारलं. "तू काय खात व्हती वं, इतला वरीस?"

त्या म्हणाल्या, "तुम्हनं उरेल ते."

रागाने नाही म्हणाल्या. विचारलं म्हणून सांगितलं. कोणी घराची किल्ली कुठे आहे विचारावं आणि आपण खुंटीवर आहे म्हणावं, तसं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत त्या गेल्या. त्यांच्यामागून दोन दिवसांनी चाची गेली. एकीने जन्मभर शाकाहार करून शेवटी कोंबडीचं पाणी घेतलं, दुसरीने मटणाच्या घरात राहून शेवटी मूग घेतला. दोन्ही भांडी अर्धी उरली होती. मी घासली.

साथ ओसरल्यावर लोक शेतावर गेले, डोंगरातले परत आले, सालदारही आला. सालदाराला त्याच्या भाकरीवर तूप परत मिळालं, पण ते कोणत्या बाजूचं हे कोणी बोललं नाही. चाचाची धनुकली थंडीत पुन्हा वाजायला लागली. शुक्रवारी तो स्वतः मटण शिजवायचा, करपवायचा, आणि मुद्दाम आमच्या बाजूची खिडकी उघडी ठेवायचा. जेठ ओट्यावर यायचे नाहीत. चाचा भिंतीवरून डोकं काढून ओरडायचा, "पाटील! आज बोकडनं खाधं, अन् नदीपावत पळी ऊनू!" जेठ म्हणायचे, "बरं करं." चाचाला ते सोसेना. एकदा मी परसात असताना भिंतीशी येऊन म्हणाला, "बेटी, त्यासले सांग ना, भांडतस का म्हना. माले आते दिन जात नही." मी म्हशीला सांगितलं. म्हशीने ऐकलं.

माझ्याशी जेठ पुन्हा सरळ कधी बोलले नाहीत. ते "इले काप" तेवढंच. पण एक गोष्ट बदलली. जेवणाची वेळ झाली की ते पाटावर बसायचे, ताट समोर, आणि हात लावायचे नाहीत. दाराकडे बघून विचारायचे, "भुरी, घरमा खाधं का?" काय खाधं हे जगाला विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं, घरात एवढंच विचारायचे. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "भुरी, पुरुष जेवल्यावर बायका जेवतीस." जेठांनी ताट पुढे सरकवलं आणि भिंतीला टेकून बसले. पार सांज झाली. शेवटी मी आत दार ओढून घेतलं, गरम भाकरी, डाळ, वाटीभर दूध असं घेतलं आणि जेवले. मग बाहेर येऊन म्हटलं, "भुरी, खाधं." तेव्हा त्यांनी घास उचलला. पुढे तीच घरची रीत झाली. धाकट्या भावाची विधवा आधी जेवते आणि जेठ मागून, यावरून भाऊबंदांत काय काय बोलणं झालं. मला लाज वाटली नाही. भाकरी गरम होती.

म्हातारपणी जेठांचे गुडघे गेले, आणि चाचाचे डोळे. ते दोघं एकमेकांना धरून मारुतीच्या पारापर्यंत जायचे, तिथे बसून परत यायचे. आता ते दोघंही नाहीत, भुरीही नाही. कोणी मला विचारतं, तुम्ही एवढं वय कशावर काढलं, काय खात होता? मी सांगते, मला ठाऊक नाही. जेठानीबाई जे खात होत्या तेच मीही खात होते, त्याच टोपातलं. मी का राहिले याचं कारण जेठांना सापडलं नाही आणि मलाही नाही.

दोन घरांत मिळून आम्ही सहा माणसं होतो. त्या तापातून जेठ जगले, पिंजारी जगला आणि मी जगले.